चष्मा काढून ऐकणारे गुरुजी

"बोला, मोकळेपणानं बोला," असं म्हणायचं असलं की आमच्या शाळेचे मोठे गुरुजी आधी चष्मा काढत. मग धोतराच्या सोग्यानं काचा पुसत बसत. चष्म्याशिवाय त्यांना हातभर अंतरावरचा माणूसही ओळखू येत नसे. त्यामुळे कोण बोललं ते दिसत नसे, आणि दिसलं नाही म्हणजे उत्तर द्यायचीही गरज नसे. असे ऐकणारे तुम्हीही कुठेतरी पाहिले असतील.

मोहाडीच्या पुढे आमचं गाव. शाळेची भिंत आणि आमच्या परसाची भिंत एकच. भांडी घासता घासता मी त्यांची सगळी शाळा ऐकली. दर शनिवारी ते पोरांना ओसरीत बसवून मोकळी चर्चा घेत.

"आपल्या शाळेत भेद आहे का? बोला."

पोरं गप्प.

"नाही. शाबास."

प्रश्न त्यांचा, उत्तर त्यांचं. पोरांच्या वाट्याला नुसती शाबासकी.

ते दिवस बरे नव्हते. बाहेर कुठे कुठे बौद्धांची घरं जाळल्याच्या बातम्या रेडिओवर येत. आमच्याकडे घरं शाबूत होती, पण गाव आणि बौद्धपुरा यांच्यातलं बोलणं कमी होत चाललं होतं. शाळेत मात्र भेद नव्हता. फक्त माठातलं पाणी गावातलं पोरगं काढी आणि पुऱ्यातल्या पोरांच्या ओंजळीत वरून ओती. गुरुजी याला शिस्त म्हणत.

एक दिवस पुऱ्यातल्या रंजनानं स्वतःच माठात गिलास बुडवला आणि उभ्या उभ्या प्याली. चौथीतली पोर. संध्याकाळी सरपंच शाळेत हजर.

"त्याईचा माठ वेगळा करा गुरुजी, नाही तर आमची पोरं नाल्यापलीकडच्या शाळेत घालतो."

पुऱ्यातूनही निरोप आला, वेगळा माठ दिसला की आमची पोरं घरी. कोणाचीही पोरं गेली तरी शाळेचा पट खाली येणार होता, आणि पटाबरोबर गुरुजींचं मोठेपण.

गुरुजींनी विचार केला आणि माठ उचलून सामानाच्या खोलीत पालथा घातला. शनिवारी चष्मा पुसत म्हणाले, "आता माठच नाही, तर भेद कुठचा?"

खरंच होतं. आता सगळी पोरं सारखीच तहानलेली होती.

पण तहान काही शनिवारची वाट पाहत नाही. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा आमच्या परसामागच्या बोडीवर धावू लागली. बोडी म्हणजे शेताला पाणी पुरवणारं लहान तळं. तिथं वरून ओतायला कोणी नव्हतं. गावातली, पुऱ्यातली पोरं एकाच काठावर गुडघे टेकून पीत, एकमेकांवर पाणी उडवत, एकमेकांच्या बापांच्या नकला करत. सरपंचाचा पोरगाच सरपंचाची नक्कल सगळ्यात चांगली करी. शनिवारी ज्यांच्या तोंडातून शब्द निघत नसे, ती पोरं तिथं एकमेकांना बोलू देत नसत. गुरुजींच्या शाळेची मोकळी चर्चा शेवटी झाली, फक्त गुरुजी तिथं नव्हते.

ही गोष्ट गावाला कळायला वेळ लागला नाही. मग शाळेत सभा भरली. पुरुष ओसरीत, आम्ही बाया दाराआड. गुरुजींनी चष्मा काढला.

"बोला, मोकळेपणानं बोला."

सरपंच बोलले, त्यांचा भाऊ बोलला, मग पुन्हा सरपंच बोलले. गुरुजी काचा पुसत मान हलवत राहिले. तेवढ्यात दाराआडून रंजनाची आई सुमनबाई उठली. दर पावसाळ्यात ती आणि मी एका ओळीत वाकून धानाचे परहे, म्हणजे रोपं, लावत होतो. चिखलातही तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"गुरुजी, शाळेत माठ नाही म्हणता जी. मंग तुमच्या खोलीत ओल्या फडक्यात ते सुरई कायची हाय?"

मागून कोणीतरी हसलं.

"बोला म्हणाले म्हणून बोलून राहिली. माह्या पोरीले बोडीतलं गढूळ, अन् तुमच्या घशाले थंड. आमच्या हातचे परहे चालते, त्याचा भात चालते. पाणीच कसं नाही चालत? वेगळ्या माठाचं माही पोरगी पिणार नाही. एक माठ ठेवत असान तर ठेवा. नाही तर आत्ताच सांगा, उद्यापासून पोरगी बकऱ्या राखीन."

गुरुजींनी चष्मा घातला. सभेत बोलणाऱ्याचं तोंड त्यांनी पाहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग ते खोलीत गेले, सुरई आणली आणि ओसरीत सगळ्यांमध्ये ठेवली.

"हीच राहील. सगळ्यांना. एकानं दुसऱ्याला ओतून द्यायचं, आळीपाळीनं."

"विचार करा गुरुजी," सरपंच म्हणाले.

"विचारच करून राहिलो होतो इतकी वर्षं."

एवढं शौर्य त्यांच्या पोटाला मानवलं नाही. दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याची रजा टाकून ते भंडाऱ्याला निघून गेले. सुरई मात्र राहिली, आठवड्यानं ते परतले तरी तिथंच होती. सरपंचांनी पोरगा नाल्यापलीकडे घातला, पण पावसात नाला भरला तसा तो परत आला आणि रांगेत उभा राहून रंजनाला पाणी ओतू लागला. रंजना चौथी पास झाली.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली. कोणी करवली ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मोकळेपणा गावात असा होता.

एसटीची वाट पाहत ते चिंचेखाली ट्रंकेवर बसले होते. शेजारी गावातले लोक, सरपंचाचा भाऊही. मी आणि सुमनबाई मोहाडीच्या बाजाराला निघालो होतो. ऊन कडक होतं आणि गुरुजींजवळ पाणी नव्हतं. सुमनबाईनं पिशवीतून पाण्याचा लोटा काढून समोर धरला. ओंजळीत ओतायला वाकली नाही, लोटाच दिला.

गुरुजींनी लोटा घेतला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळे बघत होते.

मग त्यांनी चष्मा काढला, नीट घडी घालून खिशात ठेवला, आणि लोटा तोंडाला लावून सगळं पाणी प्याले.