विमान नसलेला देखावा

मी दात करतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, ते माप माझ्याकडे येतं आणि मी कवळी बनवून देतो. साताऱ्यात माझी एक खोली आहे, तिथं तीस वर्षं हेच चाललंय. या गावात कितीतरी माणसं माझ्या दातांनी हसतात आणि रस्त्यात मला ओळखत नाहीत, याची मला फार गंमत वाटते. त्याच बारीक हत्यारांनी मी फावल्या वेळात प्लास्टिकची छोटी विमानं जुळवतो. बायकोचं म्हणणं असं की बाकीच्यांचे नवरे निदान पत्ते खेळतात, त्यामुळे चार माणसांत तरी बसतात.

गेल्या पावसाळ्यात मी ठरवलं, या खेपेला नुसतं विमान नाही, देखावा करायचा. तोही नानांसाठी.

नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. मेढ्याच्या अलीकडे आमचं गाव आहे आणि तिथं घरटी एक माणूस फौजेत. पण सगळे पायदळातले. नाना तेवढे हवाई दलात, आणि तिथंही वैमानिक नव्हेत, विमानाची देखभाल करणारे मेकॅनिक. एकाहत्तरच्या लढाईत ते पंजाबातल्या एका तळावर हंटर विमानांवर होते. गावातले फौजी त्यांना थट्टेनं पान्हेवाले म्हणायचे. दर डिसेंबरात विजय दिवसाला गावच्या शाळेत माजी सैनिकांचा सत्कार असतो. नाना इस्त्रीचा शर्ट घालून येतात, मागच्या बाकावर बसतात आणि नाव पुकारलं की बसल्या जागेवरून हात जोडून नको म्हणतात. आजवर एकदाही त्यांनी शाल घेतलेली नाही.

मला खात्री होती की तो पान्हेवाला शब्द त्यांना लागलाय. गावाला एकदा दाखवू, नाना ज्या विमानावर होते ते काय चीज होतं, म्हणजे नाना आपोआप पुढे येतील, असा माझा हिशेब. नाना शहात्तरचे झालेत, अजून किती डिसेंबर धरायचे? या वर्षी त्यांच्या खांद्यावर शाल पडलीच पाहिजे, असं मी मनाशी पक्कं केलं. तेही नानांना न विचारता.

हंटरचं खोकं आणलं आणि कामाला लागलो. विमान हातभर नसेल, पण तुकडे शंभराच्या वर. पंख घासले, हिरवा-करडा रंग चढवला, अक्षरं भिंगाखाली काढली. विमान जमिनीवर ठेवणं मला पटेना, ते कसं झेपावलेलं दिसलं पाहिजे. म्हणून काचेसारखी पारदर्शक कांडी तिरकी उभी केली, तिच्यावर विमान बसवलं आणि सांधा कवळीच्या मसाल्यानं पक्का केला. त्या मसाल्यावर म्हातारी माणसं कडक भाकरी चावतात, तेव्हा विमान हलायचा प्रश्नच नव्हता. खाली धावपट्टी, बाजूला विमान दडवायचा वाळूच्या पोत्यांचा आडोसा. पोती मेणाची केली, एकेक तांदळाएवढी. आणि सगळ्यावर पसरायला मुद्दाम गावी जाऊन आमच्या शेतातली माती आणली, वस्त्रगाळ केली. मानवंदना द्यायची तर घरची माती हवी, असं मला फार वाटून गेलं होतं.

मध्ये खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते, त्यात माझी मशीनंही आली. बायकोनं मशीनांना ओलं कुंकू लावता लावता टेबलावरच्या हंटरच्या नाकालाही बोट टेकवलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. आठवडाभर खपून मी तो रंग दिला होता, आणि तो रंग कुंकू असा पीत होता की बघवेना. मी नको तितका ओरडलो. ती शांतपणे म्हणाली की लढाईचं विमान हे हत्यार नाही तर काय लाकडी पोळपाट आहे? मी फूल उचलून बाजूला ठेवलं. नाक परत रंगवलं, तरी नीट पाहिलं की खालून गुलाबी झाक दिसायचीच.

कार्यक्रमाला आठ दिवस राहिले तेव्हा खोकं मांडीवर घेऊन मी मेढ्याच्या एसटीत बसलो. नानांना आधी दाखवायचं, खूश करायचं, मग शाळेत मांडायचं. नाना ओट्यावर ऊन खात बसले होते. मी झाकण काढलं. नानांनी आत जाऊन दुसरा चष्मा आणला आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"ही माती आपल्या शेतातली हाय का रं?" नाना म्हणाले.

मी अभिमानानं हो म्हणालो.

"पंजाबात तांबडी माती कुठली?"

मग एकेक निघत गेलं. विमानाच्या स्वतःच्या तोफांच्या धुराचे काळे पट्टे नाकाखाली हवेत, लढाईतलं विमान एवढं चकचकीत नसतं. पोती फाटलेली असायची. चार महिने मान मोडून काम केल्यावर हे ऐकायला कुणाला आवडेल? मी जरा तोऱ्यातच म्हणालो की नाना, रंग देतो, माती बदलतो, अजून काय?

नाना म्हणाले, "हे विमान काढ."

मला वाटलं, त्यांना ते जमिनीवर हवंय. तसं विचारलं. ते म्हणाले, खाली नको, वर नको, काढूनच टाक. आणि मग ज्या गोष्टीबद्दल त्यांनी घरात कधी चकार शब्द काढला नव्हता, ती सांगितली.

त्यांच्याकडे एक विमान होतं. ते चालवणारा वैमानिक देशाच्या पार दुसऱ्या टोकाचा, सव्वीस वर्षांचा. नानांनी त्याला मराठीतलं एकच वाक्य शिकवलं होतं, "जेवला का?" आणि तो पहाटे पाचलासुद्धा नानांना तेच विचारायचा. नानांचं काम ठरलेलं. विमान तपासायचं, रजिस्टरात सही करायची, शिडी लावायची, त्याचे पट्टे आवळायचे, शिडी काढायची, चाकांखालचे ठोकळे ओढायचे. विमान परत आलं की शिडी घेऊन तयार असायचं. त्या सकाळी चार विमानं गेली आणि तीन आली. नाना शिडी धरून उभे राहिले. तेल किती भरलंय ते त्यांनीच बघितलं होतं, म्हणजे ते किती वेळ पुरेल हेही त्यांना ठाऊक होतं. तो वेळ गेला, त्याच्या दुप्पट गेला. दुपारी त्यांच्या साहेबानं येऊन हातातली शिडी सोडवून घेतली.

मी विचारलं की विमानात काही बिघाड होता का. नाना म्हणाले, नव्हता. बाकीच्या तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, खालून तोफेचा गोळा लागला. रजिस्टर तपासलं, सगळं ठीक निघालं, कुणी एका शब्दानं बोललं नाही.

"पर सही माझी व्हती," नाना म्हणाले. "शाल कशाची घ्यायची मी?"

मला एकदम लाज वाटली. इतकी वर्षं मी आपला पान्हेवाला शब्द धरून बसलो होतो आणि नानांनी त्या थट्टेकडे कधी लक्षही दिलेलं नव्हतं. खोकं परत मांडीवर घेऊन साताऱ्याला आलो. वाटेत थोडा रागही येत होता, खोटं कशाला सांगू. चार महिन्यांचं काम होतं.

विमान निघता निघेना. शेवटी कवळी घासायच्या मशीननं कांडी कापली, तेव्हा अगदी दाढ काढल्यासारखा आवाज झाला. तांबडी माती खरवडली, प्लास्टरच्या भुकटीत चुलीतली राख मिसळून फिकट माती केली आणि पोती सुईनं फाडली. मग कवळीच्या तारेची शिडी वाकवली. मेणाचा एक माणूस केला, करंगळीच्या दोन पेरांएवढा, शिडी धरून आभाळाकडे बघणारा. त्याच्यापुढे मोकळी जागा आणि दोन ठोकळे. बायकोनं पाहिलं आणि माझ्यासाठी चहा ठेवला.

विजय दिवसाला शाळेत टेबलावर तो देखावा मांडला. लोक येत, वाकून बघत आणि विमान कुठंय असं विचारत. मी नानांकडे बोट करायचो. नाना मागच्या बाकावर होते, विचारणाऱ्याला म्हणायचे, "गेलंय. त्याचीच वाट बघतुया." कुणी हसलं नाही. फौजेतल्या माणसांना जास्त सांगावं लागत नाही.

आमच्या कार्यक्रमाची एक रीत आहे. सत्काराआधी गावातल्या शहीद जवानांची नावं वाचतात. एक नाव झालं की कार्यक्रम चालवणारे निवृत्त सुभेदार विचारतात, "घरचं कोण हाय?" मग त्या घरातलं कुणीतरी उठून पुढे जातं आणि त्या जवानाच्या तसबिरीपाशी फूल ठेवतं. सगळी नावं संपली. सुभेदार कागदाची घडी घालणार, तोच नाना उभे राहिले आणि म्हणाले की अजून एक नाव राहिलंय, ते आपल्या गावचं न्हाई, पर वाचा. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून पुढे पाठवली.

सुभेदारांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. परक्या मुलखातलं नाव, त्यांना ते धड उच्चारता येईना. नानांनी जागेवरून दुरुस्त केलं. दुसऱ्या खेपेला सुभेदारांनी ते अख्खं नाव, हुद्द्यासकट, मोठ्यानं आणि बरोबर वाचलं. आमच्या शाळेत ते पहिल्यांदाच ऐकू येत होतं, आणि सगळी शाळा आपल्या गावच्या पोरासाठी राहावी तशी उभी राहिली.

सवयीप्रमाणे सुभेदार पुढचं बोलून गेले, "घरचं कोण हाय?" आणि मग थांबले, कारण इथं त्याच्या घरचं कोण असणार.

"मी हाय," नाना म्हणाले.

ते बाकांमधून वाट काढत पुढे गेले, फूल उचललं आणि टेबलावरच्या त्या मोकळ्या जागेत ठेवलं. मागे वळले तर सुभेदार शाल उलगडून समोर उभे. नानांनी हात जोडायला उचलले, मग खाली घेतले आणि मान वाकवली.