तांब्याची पट्टी

कोयलीच्या रिफायनरीत इलेक्ट्रिशियन असलेले मनोहर खानविलकर म्हणजे महाहट्टी माणूस. शहाण्णव-सत्त्याण्णवला बडोद्यात गच्चीगच्चीवर डिश लागल्या, तेव्हा ते न बोलावता लोकांकडे जायचे. अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा भरायचे आणि डिशच्या खांबापासून तिथवर तांब्याची पट्टी उतरवायचे. "वीज पडली तर तिला जमिनीत जायला वाट नको?" असं खेकसायचे. उन्हाळ्यात ओल टिकवायला कुणी खड्ड्यात पाणी ओतलं नाही, तर दारात उभं राहून शिव्या घालायचे. कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत.

ऐकलं ते एकदाच, नागरवाड्यातल्या धाकट्या बहिणीचं. पद्माने लेकीच्या लग्नासाठी घर रंगवलं होतं. "दादा, नव्या रंगावर ती पट्टी घाण दिसते. लग्नापुरती काढ ना." त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. लग्न झालं. पट्टी परत बसवताना रंगाला ओरखडे पडतील म्हणून पद्मा 'थांब' म्हणत राहिली आणि हा हट्टी माणूस थांबत राहिला.

जूनमध्ये डिशवर वीज पडली. टीव्हीची केबल काढायला गेलेले पद्माचे यजमान जागीच गेले.

तेराव्याला पद्मा सगळ्यांसमोर एवढंच म्हणाली, "मला कळत नव्हतं, दादा. तुला कळत होतं. मग माझं का ऐकलंस?"