सोमवारी गाय दाखवायची

मुलगी तेरा महिन्यांची असताना पत्नीला बँकेत अधिकारीपदाची बढती मिळाली आणि तिच्याबरोबर बदलीही. गाव आगरच्याही पुढे, बसने तीन तासांवर. उज्जैनच्या कापडगिरण्या तेव्हा एकेक करून बंद पडत होत्या. माधव नगरातल्या आमच्या गल्लीत केबलची वायर नुकतीच आली होती आणि सरकारी नोकऱ्या यापुढे आटणार असे जो तो म्हणत होता. हातातले सोडायचे नाही, असे आम्ही ठरवले. मुलगी माझ्याजवळ आणि माझ्या आईजवळ राहील, पत्नी शनिवारी संध्याकाळी येईल आणि सोमवारी सकाळी सातच्या बसने परत जाईल.

मी नाप-तौल विभागात निरीक्षक होतो. दुकानदारांचे काटे तपासायचे, हे माझे काम. दर रविवारी मी मुलीला काट्यावर बसवून वजन वहीत लिहीत असे. पहिली नोंद आठ किलो नऊशेची होती. चार महिन्यांनी ती नऊ किलो आठशेवर गेली. पत्नी आली की आधी वही बघायची. आकडा चढता दिसला की आम्हा दोघांनाही हायसे वाटे.

सोमवारची रीत आईने घालून दिली होती. "बाई कामाला निघते तेव्हा मागं लेकरू रडू नये, अपशकुन असतो. आणि न बघितलं तर विसरतात गं ती." म्हणून साडेसहाला आई मुलीला कडेवर घेऊन फाटकाशी जायची. तिथे रोजची गाय उभी असायची. "चल छकुली, हम्माला पोळी देऊ," असे आईचे चाले, आणि तेवढ्यात पत्नी चपला हातात घेऊन मागच्या दाराने निघे. कोपऱ्यावर मी स्कूटर बंद ठेवून उभा असे. सगळे चार मिनिटांत उरके. रडणे नाही, काही नाही. मला ही व्यवस्था चोख वाटत होती.

पाचव्या महिन्यात, एका गुरुवारी, मी दाढी करत होतो. आईने नेहमीसारखी डब्यातून गाईची पोळी काढली. मुलगी वाटी-चमच्याशी खेळत होती. तिने पोळी पाहिली, वाटी टाकली आणि पळाली. आधी स्वयंपाकघरात, मग न्हाणीघरात, मग पलंगाच्या पलीकडे, मग मागच्या दाराशी. दाराला कडी होती. ती कडीकडे बघत उभी राहिली. तिचा आवाजसुद्धा निघाला नाही. गुरुवार होता. शोधायला घरात कोणी नव्हतेच.

गालावर साबण तसाच ठेवून मी तिला उचलले. तिचे अंग लाकडासारखे ताठ झाले होते.

त्या शनिवारी मी पहिल्यांदा घड्याळ लावून पाहिले. पत्नी आल्यावर मुलगी तिच्याकडे जायला पन्नास मिनिटे लागली. पुढच्या शनिवारी ती गेलीच नाही. आजीच्या पदराआड उभी राहून आईकडे अशी बघत होती, जसे एखाद्या वसुलीवाल्याकडे बघावे. पत्नीने बिस्किट पुढे केले, बाहुली पुढे केली. शेवटी हात मागे घेतले.

"मी राजीनामा लिहून ठेवलाय," ती रविवारी म्हणाली. "पुढच्या शनिवारीही ही माझ्याकडे आली नाही, तर देऊन टाकणार. बढती घेऊन काय चाटायचीय?"

मी तिला वही दाखवायला गेलो. तिने ती माझ्या हातून घेऊन बंद केली.

त्याच दिवशी दुपारी आम्ही मुलांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. मी वजनाचे आकडे वाचू लागलो. दोन रविवारांचे आकडे वाचून होताच त्यांनी हात वर केला. "भाईसाब, बच्ची को तौलते ही रहेंगे, कि देखेंगे भी?" मग त्यांनी पत्नीला विचारले, "आप घर से निकलती कैसे हैं?" पत्नीने मागचे दार, चपला, गाय, सगळे सांगितले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "उसके हिसाब से तो माँ किसी भी मिनट गायब हो सकती है। रोने दीजिए, पर बता के जाइए।"

घरी आई चिडली. "पाच पोरं वाढवली मी. एकालाही सांगून गेले नाही."

"तुम्ही कधी पाच-पाच दिवस गेला होतात का, आई?" पत्नीने विचारले. तिचा स्वर साधाच होता, पण आई उठून देवाजवळ जाऊन बसली.

सोमवारी साडेसहाला पत्नी चपला घालून पुढच्या दारात बसली, मुलीला समोर उभे केले आणि म्हणाली, "मी जातेय. बसनं. शनिवारी येणार." मुलीला शनिवार काय कळणार? पण पिशवी कळली. तिने जो आकांत मांडला, त्याने शेजारचे काकाही बाहेर आले. "क्या हुआ, कीड़े-मकोड़े ने काटा क्या?" पत्नी उठली, फाटक उघडले आणि मागे वळून हात हलवला. पोर मी धरून ठेवली होती. तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. पत्नीला त्या दिवशी बसस्टँडवर एकटीलाच टेम्पोने जावे लागले. रडणे अठ्ठावीस मिनिटे चालले. आई सबंध दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मलाही आपण चूक केली असेच वाटत राहिले. मंगळवारी मुलगी दोनच घास जेवली. बुधवारी ताप चढला. पत्नीला कळवावे का, या विचारात मी एस.टी.डी. बूथपर्यंत जाऊन परत आलो. कळवले असते तर तिने तिथेच राजीनाम्याचा कागद पुढे केला असता.

शनिवारी ती आली तेव्हा सव्वासात झाले होते. पर्स खांद्यालाच होती, कागद त्यातच असणार. ती दाराशीच जमिनीवर बसली. हाक मारली नाही, हात पुढे केले नाहीत. मुलगी आजीच्या पदराआड गेली. आम्ही तिघेही हललो नाही. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, सरळ पत्नीपर्यंत चालत गेली आणि तिच्या तोंडावर चापट मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, रडत, नाकावर, गळ्यावर, मंगळसूत्र ओढत.

मी पुढे झालो.

"थांबा," पत्नी म्हणाली. "मारू दे तिला."

मुलगी मोठी झाल्यावर कशी झाली याचा त्या पाच महिन्यांशी काय संबंध, हे मला सांगता येत नाही. एकच मूल, एकच घर, ताडून बघायला दुसरे काही नाही. त्या संध्याकाळचे मात्र सांगू शकतो. मारून दमल्यावर मुलगी तिथेच, पत्नीच्या मांडीवर कोसळली आणि तिचा पदर मुठीत धरून हुंदके देत राहिली. पत्नीचा ओठ फुटला होता. आईने ओला रुमाल आणून दिला.

"सोमवारी पुन्हा सांगूनच जाणार मी," पत्नी आईला म्हणाली. "दर सोमवारी."

"जा," आई म्हणाली. "मी धरीन तिला. हा नीट धरत नाही."