बैल कोणत्या डब्यात?

केडगावात माझ्या घरमालकांइतका वकिलीचा अभ्यास कुणी केला नसेल, आणि त्यांच्याइतकी कमी उत्तरंही कुणी लिहिली नसतील. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि साठीत लॉ कॉलेजात गेले. बाकी सगळे विषय सुटले, करार कायदा तेवढा राहिला. तो का राहिला हे मी सांगू शकते, कारण त्या पापात माझी कात्री आहे.

मी आठवीतून शाळा सोडलेली, शिवणकाम करणारी बाई. माहेर पार किनवटच्या पुढं. एकट्या बाईला खोली द्यायला गल्लीत कुणी तयार नव्हतं, काकांनी एका शब्दात दिली. त्यामुळे "पोरी, एवढं कापून दे," असं ते म्हणाले, तेव्हा कापडाची कात्री कागदाला लावू नये, धार जाते, हे ओठावर आलेलं मी गिळलं. जुन्या प्रश्नपत्रिकांतला एकेक प्रश्न सुटा करायचा आणि प्रकरणवार डब्यात टाकायचा, हा काकांचा शोध. प्रस्ताव-स्वीकार पेढ्यांच्या डब्यात, मोबदला चपलांच्या खोक्यात, फसवणूक काकूंच्या साडीच्या खोक्यात. पहिला गठ्ठा कापून झाल्यावर कळलं, की पाठीमागच्या बाजूलाही प्रश्न छापलेले होते. काका शांतपणे म्हणाले, "मग तुकडे जोडून दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढू." महिना त्यातच गेला.

एका प्रश्नात सोळा वर्षांचा मुलगा आजारी बैल धडधाकट सांगून विकतो. हा अल्पवयीनाच्या कराराचा, की फसवणुकीचा? तीन दिवस काका ती चिठ्ठी या डब्यातून त्या खोक्यात हलवत होते. चौथ्या दिवशी काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आवं, टाका कुठं बी. बैल मेला आसंल तवर."

बाह्या एकीकडे, कॉलर एकीकडे, असं मीही लावून ठेवते. पण गिऱ्हाईक दारात आलं की शिवून द्यावंच लागतं. हे काकांना सांगायची माझी छाती नव्हती. त्यांना राग आला आणि खोली गेली, तर जायचं कुठं?

परीक्षा झाली. काका हसतच घरात शिरले. "सगळे प्रश्न आपल्या डब्यांतलेच."

"मंग लिवलं काय?" काकूंनी विचारलं.

"आधी प्रत्येक प्रश्न कोणत्या प्रकरणातला, ते पक्कं ठरवलं. मग दोन उत्तरं लिहिली, तोवर घंटा झाली."

"दोनच?"

"दोनच. पण प्रकरण एकही चुकलं नाही."

निकाल जो लागणार होता, तोच लागला. आता एकच संधी उरली आहे, ती हुकली की कॉलेजच्या नियमानं पहिल्या वर्षापासून सुरुवात. त्या दिवशी काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले, माझ्या मशीनजवळ खुर्ची ओढून बसले. एक चिठ्ठी उचलली, उत्तर लिहिलं, सगळं वाचून दाखवलं आणि मला विचारलं, "बरोबर आहे का गं?"

बरोबर की चूक, हे मला कुठून कळणार? पण मी "बरोबर" म्हटलं की ते पुढची चिठ्ठी उचलतात. म्हणून रोज मशीन थांबवून ऐकते, आणि भीत भीत म्हणते.