नऊ फूट दोन इंच

माझ्या खुर्चीपासून आईच्या उशीपर्यंतचं अंतर नऊ फूट दोन इंच आहे. मध्ये फळ्यांची भिंत आहे, पण ती छपरापर्यंत जात नाही. वर दीड फूट मोकळं आहे. दार उघडंच असतं. हे अंतर मी टेपने दोनदा मोजलं. सत्तावीस वर्षं सरकारी भूमापक म्हणून लोकांच्या जमिनी मोजल्या, त्यामुळे एकदा मोजून माझं समाधान होत नाही.

दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू परत आली, पण आवाज बारीक झाला. ती तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. मी निवृत्तीच्या सहा वर्षं आधीच नोकरी सोडली आणि घरी बसलो. बायको अलिबागला एका कचेरीत आहे. सकाळी सव्वानऊला निघते, संध्याकाळी सव्वासहाला येते. मधले नऊ तास आई आणि मी.

दिवसा आई लंगोट बांधू देत नाही. लघवी लागली की हाक मारते, मी पॅन देतो. उशीर झाला तर चादर ओली होते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की ओल्यात पडून राहिली तर पाठीला जखम होईल, आणि या वयात ती जखम लवकर भरत नाही. म्हणजे माझं काम एकच होतं. हाक आली की पोचायचं. त्यासाठी मी वही घातली: हाकेची वेळ, पोचल्याची वेळ, कशासाठी.

हाकेसाठी मी पितळेची घंटा आणली होती. आई म्हणाली, "मी काय देऊळ हाय, घंटा वाजवायला?" मग बॅटरीवरची बेल आणली. ती तिने उशीखाली दाबून ठेवली. आई कू घालते, कोकिळेसारखी लांब हाक. आमच्या वाडीत पूर्वी नाव घेऊन कोणी कोणाला बोलवत नसे. वडील वाडीच्या टोकाला नारळांना शिंपणं करत असायचे, आई पडवीतून कू घालायची. तिकडून एक कू आली म्हणजे मी इथे आहे, ठीक आहे. दोन आल्या म्हणजे ये. कूला कू द्यायचीच, न देणं म्हणजे उद्धटपणा. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. आता वाडीत तेवढा मोठा आवाज काढायला कोणी नाही, आणि आईची कू पडवीच्या पायरीपर्यंतही पोचत नाही.

त्या दिवसांत मला काही वाटेनासं झालं होतं. दुःखही नाही, कंटाळाही नाही. पॅन द्यायची, कूस बदलायची, औषध द्यायचं, लिहायचं. बायको म्हणाली, "अहो, पूर्वी गाणी ऐकायचात. आता घरात फक्त भांडी वाजतात." मुलगी पुण्याला असते, तिने तिचे जुने हेडफोन पाठवले. बंद पाठीचे. कानावर ठेवले की विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी आईची हाक मला ऐकूच आली नाही. पंधरा मिनिटांनी पाणी प्यायला उठलो तेव्हा कळलं. वहीत पंधरा हा आकडा लाल शाईने आहे. हेडफोन परत पाठवले.

मग मी वाचायला लागलो. ओपन-बॅक नावाचा प्रकार असतो हे तेव्हा कळलं. कानावरच्या वाटीची बाहेरची बाजू बंद नसते, तिथे जाळी असते. आतला आवाज बाहेर सांडतो, बाहेरचा आत येतो. परीक्षणं लिहिणारे हा दोष म्हणून सांगतात: शेजारच्याला त्रास होतो, बसमध्ये उपयोग नाही. मला नेमका तो दोषच हवा होता. सहा मॉडेलांचा तक्ता केला. वजन, ओहम, कानावरचा दाब, गादी बदलता येते का. तीनशे ओहमची दोन काढून टाकली, त्यांना वेगळा अँप्लिफायर लागतो आणि मला घरात आणखी एक डबा नको होता. पावणेचारशे ग्रॅमचं एक काढलं, मान दुखली असती. उरली तीन.

ती ऐकायला एका रविवारी, बायको घरी असताना, रो-रो बोटीने मुंबईला गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, गुजराती. मी खिशातून टेप काढली, त्याच्या काउंटरपासून नऊ फूट मोजले आणि म्हणालो, "तुम्ही इथे उभे राहा. मी हेडफोन घालतो. तुम्ही हळू कू म्हणा."

"काय म्हणू?"

"कू."

"साहेब, तीस वरस झाले दुकानाला. लोक विचारते, बास केटलो छे. तुम्ही पहिले, जे कोकिळा मागते."

पण उभा राहिला. प्रत्येक हेडफोनला दहा-दहा वेळा कू म्हणाला. शेवटी शेवटी त्याला मजा यायला लागली, भिंतीकडे तोंड करून, हाताआडून म्हणायला लागला. मी डोळे मिटून बोटं वर करत होतो. एकात सात ऐकू आल्या, एकात नऊ, एकात दहाच्या दहा. ते तिसरे घेतले. दोनशे साठ ग्रॅम, अडतीस ओहम, मखमलीच्या गाद्या.

घरी आल्यावर आवाजाच्या बटणावर बायकोच्या नेलपॉलिशने एक ठिपका दिला. त्याच्यापुढे बटण न्यायचं नाही. खारी हवा मखमलीत बसते, म्हणून रोज संध्याकाळी गाद्या पुसून हेडफोन पत्र्याच्या डब्यात ठेवायला लागलो, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या. पिन हिरवट पडते, ती दर पंधरा दिवसांनी कापसाने पुसतो. दुसरी एक वही केली: कधी सुरू केलं, काय लावलं, किती मिनिटांचं. कानांवर रोज किती वेळ ओझं असतं ते मला माहीत असायला हवं होतं.

आवाज चांगला होता. गाणाऱ्याचा श्वास ऐकू यायचा, तंबोऱ्याची जोडी कुठे बसली आहे ते कळायचं. त्याच्यामागे, त्याच पातळीवर, आमच्या घराचे आवाज. पंखा, नारळाची झावळी कौलांवर घासते ती, शेजारच्या बंगल्यातला पंप. हे सगळं मला नीट ऐकू येत होतं आणि त्याचं काही होत नव्हतं. बायकोने विचारलं, "कसं वाटतं?" मी म्हणालो, "स्पष्ट आहे."

पाच महिने असे गेले. हाकेपासून पोचेपर्यंत सरासरी अर्धा मिनिट. लाल शाई पुन्हा लागली नाही. चादर कधी कधी ओली सापडायची, ती आत्ताच झाली असं मी धरायचो.

सहाव्या महिन्यात तपासणीसाठी येणाऱ्या सिस्टरने आईला कुशीवर केलं आणि माकडहाडाजवळ बोट ठेवलं. तिथली कातडी फाटली होती. मी मोजपट्टी लावली: अडीच सेंटिमीटर बाय दीड.

"ओल राहतेय, काका."

"शक्य नाही. एका मिनिटाच्या वर कधी गेलेलं नाही. वही बघा."

"वही बघून काय करू? मग काय चादर खोटं बोलते?"

मी ठरवलं की हेडफोनच खोटं बोलतात. रविवारी बायकोला आईच्या खाटेजवळ उभं केलं. मी खुर्चीत बसलो, बटण ठिपक्यावर, डोळे मिटलेले. ती कू घालत होती, मी हात वर करत होतो. आधी तिच्या आवाजात, मग आईइतक्या बारीक. आई खाटेवरून म्हणाली, "आज काय शिमगा हाय?" वीसपैकी वीस मला ऐकू आल्या.

बायको बाहेर येऊन म्हणाली, "हेडफोन पास झाले. आता काय ते तुमचं तुम्ही बघा."

मोजणीत आकडा जुळत नसेल तर जमिनीला दोष देत नाहीत. पुन्हा कागद काढतात. सोमवारी सकाळी मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. हाकांची वही आणि ऐकण्याची वही. मागच्या पंधरवड्यात मी ऐकायला बसलो असताना आईच्या एकतीस हाका होत्या. प्रत्येक हाकेसमोर त्या वेळी काय चालू होतं ते पेन्सिलीने लिहीत गेलो. दुसऱ्या पानावरच हात थांबला. तरी सगळ्या पुऱ्या केल्या. एकतिसांपैकी सत्तावीस हाका काहीतरी संपल्यावर दोन मिनिटांच्या आत आलेल्या होत्या. संपायच्या आधी जवळजवळ एकही नाही. मी लावलेल्यांतला सर्वांत लांब राग सेहेचाळीस मिनिटांचा होता.

मी अर्धा मिनिट मोजत होतो तो हाकेपासूनचा. हाकेच्या आधीचा वेळ कुठल्याच रकान्यात नव्हता.

मी आईकडे जाऊन खाटेच्या कडेला बसलो.

"आये, गाणं संपेपर्यंत थांबतेस तू?"

तिने छताकडे बघितलं. "तुला कोनी सांगितलं?"

"वहीत आहे."

"मेली वही." मग म्हणाली, "व्हय. मंग?"

"तुला इथे ऐकू येतं?"

"शब्द न्हाय कळत. डास गुनगुनल्यावानी येतं. पन कोन तरी गातंय ते कळतं."

मी जाळीतून आत काय येतं त्याचाच हिशेब केला होता. बाहेर काय जातं, ते मी वाचलेलं होतं, तक्त्यातही होतं.

"ओली पडून राहतेस?"

"गरम असतं तवर काय वाटत न्हाय," ती म्हणाली. "मंग गार होतं."

पंखा चालू होता. मी तिच्या गुडघ्यावरची चादर सारखी केली.

"अगं, हाक मारायची. मी त्याच्यासाठीच बसलोय ना?"

"हाक मारली की तू उठतोस. उठलास की बसत न्हाईस. ह्या खोलीतून त्या खोलीत, दिसभर नुसती पावलं. ते लावतोस तवाच काय तो एका जागी बसतोस."

"मग स्पीकर लावतो. तुला नीट ऐकू येईल."

"मंग तू बसशील?"

मी विचार केला. स्पीकर लावला असता तर मी तो चालू ठेवून धुणं वाळत टाकायला गेलो असतो. "नाही बसणार," मी म्हणालो.

"मंग ऱ्हाऊ दे ते डासाचंच." मग म्हणाली, "तुला आवडतं ना पन?"

मी व्हय म्हटलं. वहीत लिहायचं असतं तर लिहिलं नसतं.

त्या दुपारी मी लांबचं सगळं बाजूला काढलं. फक्त छोटी गाणी ठेवली, सहा मिनिटांच्या आतली. दोन गाणी झाली की थांबायचं आणि माझ्या बाजूने मी कू घालायची. तिने कू द्यायची, वडील देत तशी. एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे ये. हे सांगितल्यावर ती हसली, डाव्या बाजूने. "लई दिवसांनी," म्हणाली.

पहिल्यांदा कू घातली तेव्हा माझाच आवाज मला विचित्र वाटला. चौपन्नाव्या वर्षी माणूस घरात बसून कू घालतो. पलीकडून एक आली. मी उठून पाहिलं, चादर कोरडी होती. पहिले तीन दिवस प्रत्येक वेळी उठून पाहत होतो. दोनदा एक कू आली आणि चादर ओली होती. दोन्ही वेळा मी तिच्यासमोर वहीत लिहिलं. दुसऱ्यांदा म्हणाली, "पोलिसासारखा लिवतोस."

"खोटी कू घातलीस."

"तुझा बाप पन घालायचा. विहिरीवर विडी ओढत बसायचा आन् एक कू."

मला ते माहीत नव्हतं.

सिस्टर एक दिवसाआड येत होती. जखम आधी दोन बाय सव्वा झाली, मग आठवडाभर तिथेच राहिली. मी रोज मोजपट्टी लावत होतो. आईने लांबच्या रागाची दोनदा चौकशी केली. "ते मोठं होतं, ते का न्हाय लावत?" मी सांगितलं, जखम भरल्यावर. तिच्यासाठी तो बसून राहिलेल्या मुलाचा सर्वांत लांब तुकडा होता, हे मला कळत होतं. कळून काही वाटलं असेल तर ते मला सापडलं नाही. मी हेडफोन घातले आणि पुढचं लावलं.

बाराव्या दिवशी दुपारी एक गाणं लागलं होतं, पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं. तीनच मिनिटं झाली होती. अंतरा सुरू होता. मला आधी वाटलं, बाहेर कुणीतरी आहे. मग कळलं. एक कू, थोडं अंतर, दुसरी. दुसरी पहिल्यापेक्षा मोठी.

मी गाणं थांबवलं नाही. हेडफोन खुर्चीत टाकले, ते तिथे बारीक गात राहिले. नऊ फूट गेलो.

"मधेच?" मी विचारलं.

"न्हाय आवडलं ते गानं," आई म्हणाली. तोंड भिंतीकडे होतं. "आन् उशीर झाला बघ, झालंच."

मी तिला कुशीवर केलं आणि तिच्या खाली हात घातला. चादर ओली होती. अजून गरम होती.