आपली गाडी

‘आपलं’ या शब्दाची मला आता चीड येते. आमच्या शेजाऱ्यांच्या तोंडात तो सुपारीसारखा घोळत असायचा. लातूर नवीन जिल्हा झालं तेव्हा, “आता आपला जिल्हा हाय,” असं ते गल्लीभर ऐटीत सांगत फिरले, जणू यांनीच तो मंजूर करून आणला होता. सकाळी दात कोरत माझ्या दारात यायचे आणि म्हणायचे, “आपली गाडी जरा नेतोय.” हे विचारणं नव्हतं, कळवणं होतं. खुंटीवरची किल्ली तोवर त्यांच्या हातात गेलेली असायची.

पुढे एका वर्षी दुष्काळात नळ कोरडे पडले होते. एकदा ते माझ्या गाडीतून औशाकडच्या एका विहिरीवर पाणी भरायला गेले. येताना रेडिएटरमधलं पाणी संपलं, वाफा निघाल्या, तरी हे गाडी हाणतच राहिले. शेवटी इंजिन जाम झालं आणि गाडी ट्रकला बांधून दारात आली. मागच्या सीटवर पाण्याचे डबे काठोकाठ भरलेले!

“अहो, यातलाच एक डबा ओतायचा ना!” मी ओरडलो.

“प्यायचं पाणी इंजनात कसं वतावं?” ते शांतपणे म्हणाले. “आन् तुमची गाडीच लई जुनी हाय.”

तुमची!

ते डबे उतरवू लागले. आमच्या घरात चहापुरतंही पाणी नव्हतं, म्हणून बायको घागर घेऊन पुढे झाली. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

“न्हाई वहिनी, हे आमचं हाय.”