वेचून टाकलेली कवडी

हीना पिंजाऱ्याची पोर. अमरावतीत अब्बांच्या, म्हणजे शफीमियांच्या, गादीच्या दुकानात लहानपणापासून कापसातली कवडी वेचायला बसायची. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. तो गादीत गेला की गुठळ्या होतात. वेचण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पुढे हाच हात तिला नडला.

शिकून ती एका खाजगी दवाखान्यात कॉम्प्युटरवर लागली. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करणारे गडी विषबाधा होऊन रोज येत होते. आल्याआल्या दारातच इंजेक्शन द्यावं की आधी खिडकीवर केसपेपर काढावा, यावर डॉक्टरांत वाद. व्यवस्थापकांनी हीनाला सांगितलं, नोंदींवरून रोगी कसकसा पुढे जातो त्याचा नकाशा काढ. असा नकाशा कॉम्प्युटरही काढतो हो. कस लागतो तो तपासताना. एकेका रोग्याची नोंद त्यावरून चालवून पाहायची, शेवटपर्यंत वाट सापडली तर गुण. पण कुणी कधी गेलंच नाही अशा वाटा त्यात असतील तर गुण कापायचे, नाहीतर चहूकडे बाण काढणाराही पहिला यायचा.

हीनाचा पहिला नकाशा म्हणजे नुसता गुंता, गुणही बेताचे. काही नोंदी खिडकीवरच तुटलेल्या होत्या. घाईत कुणी पुढचं लिहिलं नसेल, असं तिनं मनाशी धरलं आणि त्या वेचून बाजूला टाकल्या. मग कसा सरळ नकाशा निघाला! दार, खिडकी, डॉक्टर, इंजेक्शन, खाट. गुण जवळजवळ पैकीच्या पैकी. सगळ्यांना वेळेवर इंजेक्शन मिळतंय, मग बदलायचं कशाला, असं व्यवस्थापक म्हणाले आणि दारातल्या इंजेक्शनची गोष्ट बारगळली. शफीमियांनी पोरीच्या कौतुकापोटी मोहल्ल्यात जिलेबी वाटली.

पुढच्याच आठवड्यात वलगावचा चंद्रभान फवारणीच्या विषबाधेनं त्याच दवाखान्यात दगावला. दर हंगामात शफीमियांना कापूस आणून देणारा माणूस. हीनानं त्याची नोंद आपल्या नकाशावरून चालवली. ती नोंद खिडकीवर थांबली, पुढे काहीच नव्हतं. वेचून टाकलेल्या नोंदी तिनं पुन्हा उघडल्या आणि एकेकाची चौकशी केली. लिहायचं काहीच राहिलं नव्हतं. ती माणसं केसपेपरच्या रांगेतच दगावली होती.

त्या नोंदी परत घालून तिनं नवा नकाशा काढला. गुंता वाढला, गुण घसरले, पण वाट कुठे तुटते ते आंधळ्यालाही दिसलं असतं. व्यवस्थापकांना दिसलं नाही. पहिल्याला गुण जास्त आहेत, तोच राहू दे म्हणाले. आणि तसंही फवारणी आता संपतच आली आहे.

काही दिवसांनी चंद्रभानची बायको आशाबाई गादी पिंजायला घेऊन दुकानात आली. हीनानं काही लपवलं नाही. पहिला नकाशा पुढ्यात ठेवून, रडत रडत सगळं सांगितलं. आशाबाईनं ऐकून घेतलं आणि खिडकी कोणती ते विचारून तिच्यावर बोट ठेवलं.

"इथंच पडला तो. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बसली होती. मंग त्याच्या पुढं एवढं सारं काहून काढलं व माय?"

आशाबाई गेल्यावर हीना ती गादी उसवायला बसली. कवडी दिसली की तिचा हात थांबायचा. शेवटी शफीमियांनीच गादी आपल्याकडे ओढून घेतली आणि वेचायला सुरुवात केली.